पंधरा नंबरची ओळ

५ तारीख, बुधवार

आधी कबुली देऊन टाकतो. ही वही रविवारी मिळाली आणि उघडतोय आज. रोज लिहायचं, असं ताईने दोनदा बजावलं होतं. सोमवारी पेन आणायला बाहेर पडलो, तर वाटेत एक कुलूपवाला किल्लीशिवाय तिजोरी उघडत बसला होता. तिथंच दुपार गेली. मंगळवारी पेन होतं, पण वही पोटावर ठेवून झोप लागली. तर आता सुरुवात.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. सहा वर्षं झाली, पीएचडी करतेय. वर्गात मुलं खरोखर शिकतात कधी आणि नुसती बसलेली असतात कधी, हे तिला शोधायचंय. ते सापडलं की शिकवणं सुधारता येईल. भाऊजी म्हणतात, तोवर आपली पोरं आजोबा होतील. ताई हसते, पण कप जरा जोरात ठेवते. तिला मोजणी करायला माणूस हवा होता आणि मला काम. दोन कॉलेजं अर्ध्यात सोडलेला, ट्रकवर, बोटीवर आणि एका सर्कशीच्या तिकीटखिडकीत बसलेला मी आता शिक्षणात संशोधन करणार! आई फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला.

काम सोपं आहे. सहावीचा वर्ग, गणिताचा तास, छत्तीस मुलं. मी शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. पुढ्यात तक्ता. प्रत्येक मुलाची एक ओळ, तिच्यात आधी हजेरीचा चौकोन, मग पाच-पाच मिनिटांचे नऊ चौकोन. लक्ष फळ्याकडे असेल तर ल, लिहीत असेल तर लि, प्रश्न विचारला तर प्र, भलतीकडे बघत असेल तर भ. तळाला शेरा. ताईचे नियम मात्र कडक. मुलांशी बोलायचं नाही. नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर, म्हणजे कुणाची ओळख फुटत नाही. शाईनेच लिहायचं आणि खाडाखोड झाली की तक्ता बाद. तास संपला की तक्ता ऑफिसातल्या कुलूपबंद पेटीत, किल्ली तिच्याकडे.

खोली झकास मिळालीय, शाळेच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. समोरच शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर मशीनची खडखड ऐकू येते, आणि मला ती आवडते. मजेत जाणार हा महिना.

७ तारीख, शुक्रवार

पंधरा नंबरबद्दल लिहायलाच हवं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसते. तिच्या ओळीत एवढे प्र झालेत की बाकीच्या पस्तीस जणांचे मिळून तेवढे होत नाहीत. आज बाई अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होत्या. अर्ध्याला अर्ध्याने भागलं की एक. सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतलं. पंधरा उभी राहिली आणि म्हणाली, बाई, भागलं की कमी व्हायला पाहिजे ना, मग अर्ध्याचं वाढून एक कसं झालं? बाईंनी खडू खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, आली आमची शंका! वर्ग खदाखदा हसला. तिला सगळे शंकाच म्हणतात. तीही हसली, पण बसली नाही. शेवटी बाईंनी कागदाची पट्टी फाडून दाखवली, आणि खरं सांगतो, मलाही आयुष्यात पहिल्यांदा ते कळलं.

मग ती वळून माझ्याकडे बघत बसली. मधल्या सुट्टीत येऊन विचारते कशी, दादा, तुम्ही नापास झालात म्हणून परत बसवलंय का? बोलायची बंदी, म्हणून मी नुसते डोळे वटारले. तर म्हणते, अरेरे, बोलतापण येत नाही वाटतं.

संध्याकाळी खिडकीतून पाहतो तर ती समोरच्या दुकानात, मशीनच्या मेजाखाली पालथी पडून गृहपाठ करतेय. मशीन चालवणारी तिची आईच आहे, असं कळलं. मला बघून पोरीने जीभ दाखवली.

१२ तारीख, बुधवार

कंटाळ्याचा दिवस. शंका नव्हती, ताप आलाय, असं तिच्या आईने शाळेत कळवलं होतं. पंधराच्या ओळीत हजेरीला गै, पुढे रेघ. तिच्याशिवाय वर्ग म्हणजे बिनपंख्याची खोली. तीन नंबर एकदा खोकला, बावीसची कंपासपेटी खणखणत पडली, बाईंनी भागाकाराची उजळणी घेतली आणि उत्तर चुकलेल्या एकाला विचारलं, काय रे, डोकं घरी ठेवून आलास का? एवढंच, तेच शेऱ्यात उतरवलं.

शेवटच्या पाच मिनिटांत तर मी नव्हतोच. समोरच्या इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते, ते बघायला हळूच दारातून सटकलो. परत येईपर्यंत घंटा झाली. नववा चौकोन मनानेच भरला. सगळ्यांना भ, आणि शेऱ्यात ठोकून दिलं: सगळे दाराकडे पाहत होते. मी गेलो तेव्हा पाहिलंच असणार की.

१६ तारीख, रविवार

ट्रकवरचा जुना दोस्त भेटला. उद्या समुद्राकडे निघालाय, आठवडाभर, चल म्हणाला. आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? ताई तिच्या गाईड सरांकडे दुसऱ्या गावी गेलीय, शनिवारी येणार.

युक्ती सुचली. बारा तारखेचा, बुधवारचा तक्ता शेऱ्यासकट पेटीत टाकायचा राहून माझ्याच पिशवीत पडला होता. तो समोर ठेवून सरळ उतरवत सुटलो. मुलं रोज असा काय वेगळा पराक्रम करतात? येत्या आठवड्याचे पाच करायचे होते, पण हात चालू होता म्हणून पुढच्याही आठवड्याचे उरकले, तारखा घालून. अठ्ठावीसपर्यंत दहा झाले. एकतिसाचा एक राहिला, बोटं दुखायला लागली म्हणून. शाळेच्या शिपाईमामांना दहाचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, रोज एक पेटीत टाका. ते म्हणाले, बरं बाबा, फिरून ये.

२४ तारीख, सोमवार

समुद्र मस्त होता. त्यावर पानं भरून लिहायचं ठरवलं होतं, पण आधी आजचं.

वर्गात बसलो. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख १२. वाटलं, पुसायची राहिली असेल. बाईंनी भागाकाराची उजळणी घेतली. तीन नंबर खोकला. मग बावीसची कंपासपेटी पडली. बाई म्हणाल्या, काय रे, डोकं घरी ठेवून आलास का? त्याच मुलाला, त्याच उत्तरावर. मला हसू आलं, असा योगायोग! शेवटची पाच मिनिटं राहिली आणि पस्तीस माना एकदम दाराकडे वळल्या.

दारात कुणी नव्हतं. घंटा होईपर्यंत बघत राहिली मुलं.

शंकाची जागा रिकामी. रिकामी म्हणजे, त्या बाकावरची दोघं मोकळी ऐसपैस बसलीत, आधी तिघं असायची. अजून ताप असेल.

२५ तारीख, मंगळवार

आजही तेच. खोकला, पेटी, डोकं घरी, दार. फळ्यावर १२.

बाईंना गाठलं. रोज तोच धडा कसा, विचारलं. म्हणाल्या, अहो, आजच तर उजळणीला घेतला. मग शंकाचं विचारलं. कुणाची शंका, काय शंका आहे तुम्हाला, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. मी म्हटलं, पंधरा नंबर. त्यांनी हजेरीपट काढून दाखवला. चौदा, त्याखाली सोळा. म्हणाल्या, वर्ग पस्तिसाचाच आहे, पहिल्यापासून.

शिपाईमामा म्हणाले, रोज कोण लक्षात ठेवतंय, मी सगळा गठ्ठा त्याच दिवशी पेटीत सोडला.

घरी येऊन माझा बुधवारचा मूळ तक्ता काढला. तीन, खोकला. बावीस, पेटी. पंधरा — गै, आणि रेघ.

हीच ओळ मी दहा वेळा उतरवली. माझ्या हाताने.

२६ तारीख, बुधवार

शर्टाचं बटण मुद्दाम तोडून समोरच्या दुकानात गेलो. तिची आई चांगली बोलकी आहे, या भाऊ, बसा म्हणाली. मशीनच्या मेजाखाली चिंध्या भरून ठेवल्यात. तुमची मुलगी कशी आहे, मी विचारलं. ती हसली, म्हणाली, भाऊ, मला कुठली मुलगी? मशीन आणि मी.

बटण लावताना मध्येच थांबली. खुंटीवरचा शाळेचा गणवेश काढून मांडीवर घेतला. म्हणाली, हा कुणीतरी लांब करायला टाकलाय. खालची दुमड उसवून सोडली मी, पोरगी वाढतेय ना. पण न्यायला कुणी येईना. गंमत बघा, माप मला तोंडपाठ आहे, आणि कुणाचं ते काही केल्या आठवेना.

असं म्हणताना ती हाताने त्या गणवेशाचा खांदा चोळत होती. पैसे न देताच आलो. तिनेही मागितले नाहीत.

२७ तारीख, गुरुवार

ताईकडे गेलो. सगळं सांगितलं, समुद्रासकट. ओरडेल वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिला माहीत होतं. शनिवारी पेटी उघडली तेव्हाच पुढच्या तारखा दिसल्या होत्या. तोवर तिने वरचे, चालू आठवड्याचे आकडे सरांना फोनवर वाचून दाखवले होते, आणि सर खूश झाले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, वर्ग स्थिरावला, आता आलेख सरळ येतोय. मग तिने पुढचेही त्यांना देऊन टाकले. माझ्याकडे न बघता सांगत होती.

मी म्हटलं, ते परत आण, फक्त पंधराची ओळ बदलू. ती म्हणाली, खाडाखोड झाली की तक्ता बाद. मी म्हटलं, होऊ दे बाद! अगं, एक पोरगी गेली! मग तिने जुने तक्ते उघडले, महिन्याच्या सुरुवातीचे, मी समोर बसून भरलेले. चौदा. सोळा. मध्ये ओळ नाही. जिथे ते प्र, प्र, प्र होते, तिथे काहीच नाही.

ती हळूच म्हणाली, तू दमलायस, चहा घे. कप तिने अजिबात आवाज न करता ठेवला.

२८ तारीख, शुक्रवार

खोकला. पेटी. डोकं. दार.

मध्येच उठून ओरडलो. मुलांनो, पंधरा कुठाय, शंका कुठाय? नियम मोडला. एकानेही वळून पाहिलं नाही. माझा आवाज तक्त्यात नव्हता ना.

दोघांच्या मधे, तिच्या जागी जाऊन बसलो. बाकावर पेनाने कोरलेलं होतं, अर्धा भागिले अर्धा. बोट ठेवलं तर — पुसट होत होतं. बघता बघता गेलं.

तिचं खरं नावही मी कधी विचारलं नाही. विचारायचं नव्हतं.

३० तारीख, रविवार

एक तक्ता कोरा आहे. एकतिसाचा. कंटाळा केला म्हणून उरलेला. आयुष्यात माझा आळस पहिल्यांदा कामाला येणार.

उद्या पंधराच्या ओळीत सगळ्यात आधी लिहायचं. ह. हजर.

चुकायचं नाही. एकच कागद. खाडाखोड नाही.

समोर मशीन चालू आहे. आज रविवारीसुद्धा.

३१ तारीख, सोमवार — वर्गात, शेवटचा बाक

वही सोबत आणली. दिसेल तसं लिहितो.

फळ्यावर तारीख नाही. बाई खडू उचलून उभ्या आहेत. हात तसाच वर. मुलं — ना फळ्याकडे, ना वहीकडे. कुणी खोकत नाही. तक्ता कोरा आहे म्हणून.

माझी वाट बघतायत.

लिहिलं. पंधरा — ह. अक्षर नीट आलं.

पाच मिनिटं. काही नाही.

दहा मिनिटं. बाईंचा हात अजून वर. दुखत असेल. बाकीच्यांना ल द्यावा का? आधी ती येऊ दे. पुढचे चौकोन तिच्यासाठी ठेवलेत, सगळे प्र भरणार, रांगेने नऊ प्र —

वीस.

चाळीस. शेवटचा चौकोन. नाही येत. संपलं. मी तरी आणखी काय —

माना वळल्या. सगळ्या. दाराकडे.

बाहेर पावलं. चप्पल घासत येतंय कुणीतरी. ती अशी चालायची नाही. ती पळत यायची.

आली. दारात उभी आहे. गणवेश तोच. खालची दुमड सोडलेली, जुन्या शिवणीची रेघ दिसतेय. दुमड सोडूनही तो हिला गुडघ्याच्या खूप वर —

ही शंका नाही.

बाईंनी हात खाली घेतला. म्हणतायत, ये पंधरा, बस. मुलं सरकून जागा देतायत, जशी रोजच देतात.

मी फक्त हजर लिहिलं होतं. कोण, ते लिहायला रकानाच नाही.

ती बाकाकडे जात नाहीये. बाकांच्या मधून मागे येतेय. माझ्याकडे. तिच्या हातात तक्ता आहे, त्यात एकच ओळ, आणि तिने माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि आता पेनाचं टोपण काढून ती —