परातीआड गेलेलं ‘नाही’

३ नोव्हेंबर
काका आज परत गिऱ्हाईक घेऊन आला! बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, अन् हा आमचं मुशिन वस्तीतलं घर विकायला निघालाय — आम्हाला न विचारता. मीच लाल रंग आणला. रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं — हे घर विकायचे नाही. दुसऱ्याचं घर परस्पर विकणाऱ्यांच्या भीतीने गल्लीत जिकडेतिकडे हेच लिहिलेलं, आता आमच्याही भिंतीवर. आई स्टूल धरून उभी होती. म्हणाली, “झालं समाधान?”

५ नोव्हेंबर
बाबांचा कॅमेरा घेऊन समोर पंक्चरवाल्याच्या बाकावर बसले. नुसत्या भिंतीचा फोटो कुणीही काढेल. शब्दांपुढे माणूस हवा — असा की दोघं मिळून तिसरंच काही सांगतील. मिळेपर्यंत उठायचं नाही!

८ नोव्हेंबर
मिळाला! गल्लीत अकारा विकणारी इया सिकिरा — डोक्यावर त्या भज्यांची परात, तोंडभर हसू, मागे लाल अक्षरं. आमच्या फोटो क्लबच्या प्रदर्शनात लावलासुद्धा.

१२ नोव्हेंबर
मेले मी. दारात माणसं — “विकायचंय ना? फोटो पाहिला.” भिंत वाचली अन् भांडायलाच लागली. परातीने नेमकं ‘नाही’ झाकलंय! मी आपली तिच्या हसण्यातच गुंतलेली. काका तर तोच फोटो मोबाइलवर दाखवत फिरतोय — “पोरीनेच काढलाय, बघा.”

आई म्हणाली, “किती देत होते, ते तरी विचारलंस?” टोमणाच तो! जिव्हारी लागला.

१३ नोव्हेंबर
फोटो उतरवणार नाही. फोटोला उत्तर फोटोनेच द्यायचं.

१६ नोव्हेंबर
काका नवं गिऱ्हाईक घेऊन हजर. “भिंतीचं मनावर घेऊ नका, इथे सगळेच लिहितात.” मी कॅमेरा वर केला. “काका, जरा डावीकडे सरका... अजून थोडं!” फोटो म्हटला की हा कुठेही उभा राहील. हात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर, दात बाहेर, आणि दोघांच्या डोक्यावर अख्खं वाक्य — ‘नाही’सकट!

पहिल्याच्या शेजारी लावला. सगळी गल्ली बघून आली. इया सिकिरा म्हणते, “तुझ्या काकाकडून आता कुणी कोंबडीसुद्धा घेणार नाही!” गिऱ्हाईक पळालं. जिंकले!

आईला दाखवला. बघून तिने परत दिला. मग म्हणाली, “अबेओकुटाला माझी बहीण एकटीच असते गं.” हा काय विषय होता?

१९ नोव्हेंबर
सकाळी बाहेर आले तर भिंत पांढरीफटक. आईचे हात कोपरापर्यंत चुन्याने माखलेले. “त्याला विकू दिलं नाहीस, बरं केलंस. पण मला कधी विचारलंस? मला विकायचंय. मला इथे राहवत नाही.”

कॅमेरा उचलला. सवयीने तोंडातून गेलं, “आई, जरा डावीकडे सरक.”

“का? आता काय झाकतेय मी?”