घड्याळाला लावलेली टिकली

माय, तुझ्या घड्याळाने या उन्हाळ्यात मला पार रडकुंडीला आणलं. तू गेल्यावर बाबांनी ते माझ्या हातावर बांधलं, तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याला चावी देत आलो. कधी पुढे पळायचं, कधी मागे रेंगाळायचं, पण थांबायचं नाही. आणि यंदा, नेमकी त्याची गरज पडली तेव्हा, ते अडून बसलं.

गरज माझी नव्हती, तुझ्या पणतीची होती. तू तिला पाहिलं नाहीस. माझ्या लेकाची पोर, वाशिमला नर्सिंगला नंबर लागला तिचा. तिथं सांगितलं होतं की सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन या, नाडी मोजायला लागतं. तिचा बाप मोबाईलवर नवीन घड्याळं दाखवायला लागला, तर पोरगी म्हणाली, "मले पणजीचंच पाह्यजे. ते बी नर्सच होती ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण आबा, चालू पाह्यजे बरं. पेशंटपुढं बंद पडलं त माही फजिती. नाई त पप्पा आणतात ते घेतो मी."

मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी इंझोरीहून एसटीने कारंजाला गेलो. पोरीला द्यायचं तर जरा नटवून द्यावं, असं मनात आलं. काच पिवळी पडली होती, ओरखड्यांनी भरली होती. घड्याळवाल्याने ती उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवी बसवली. अशी लखलखीत, की तुझ्या हातावर होतं तेव्हाही ते इतकं देखणं नसेल. बसमध्ये मी सगळ्या वाटेत त्याच्याकडेच पाहत बसलो. चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता आठवत होती, ओठ हलत होते, शेजारचा माणूस माझ्याकडे बघून सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ बंद.

वाटलं, चावी कमी दिली असेल. पूर्ण दिली, चालू झालं. संध्याकाळी पुन्हा बंद. टिचकी मारली की चालायचं. हातावर चालायचं, टेबलावर थांबायचं, कधी उलटं. सकाळी चावी दिल्यावर जोरात धावायचं आणि दिवस कलला की दम तुटल्यासारखं उभं राहायचं. मी ते उशीशी ठेवून पाहिलं, खिशात ठेवून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, लेकराले बी एवढं कोणी सांभाळत नाई."

पुन्हा कारंजा. घड्याळवाला आता मोबाईलची कव्हरंच जास्त विकतो, घड्याळाचं काम म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणाला, "काका, तेल सुकलं असंल." खोललं, धुतलं, तेल दिलं. घरी आणलं, बंद. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, स्प्रिंग थकली. स्प्रिंग बदलली. दोन दिवस दुकानात ठेवून घेतलं आणि मला फोन केला, "या, मस्त चालून राह्यलं." मी गेलो, खरंच चालत होतं. काच काढून, उघडंच ठेवलं होतं त्याने, समोर पंख्याचा वारा लागू नये म्हणून वर वाटी पालथी घातलेली. माझ्यासमोर काच दाबून बसवली, हातावर बांधून दिलं. फाट्यावर बसमधून उतरलो तेव्हा ते बंद होतं. मी तिथंच, भर रस्त्यात, त्याला शिवी दिली. तुझ्या घड्याळाला, माय. चहाच्या टपरीवरचा म्हणाला, "कोणाले बोलून राह्यले, काका?" 

पुढच्या खेपेला घड्याळवालाच माझ्यावर चिडला. "माह्या दुकानात चालते, तुमच्या घरी बंद पडते. मंग दोष घड्याळाचा का घराचा?" मीही बोललो. म्हटलं, तुझ्या आधी या गल्लीत जो म्हातारा बसायचा ना, त्याच्या हाताखाली तू शिकला असतास तर असं बोलला नसतास. बोललो आणि तो म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्याच्या समोरच्या बाकड्यावर तू.

मी सात-आठ वर्षांचा असेन. तुझी पांढरी साडी, हातात ती दवाखान्याची पेटी. बायकांचं इवलंसं घड्याळ तुला चालत नव्हतं, म्हणून तू पुरुषी घड्याळ वापरायचीस, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून. गावातल्या बाया हसायच्या. त्या दिवशी तू म्हाताऱ्याला काच काढायला लावलीस, पदराच्या गाठीतून नखपॉलिशची बाटली काढलीस, कोणाच्या तरी लग्नातून मागून आणलेली, आणि काडीच्या टोकाने सेकंदकाट्याच्या शेंड्यावर एक लाल ठिपका ठेवलास. श्वास रोखून. म्हातारा म्हणाला, "बाई, घड्याळाले टिकली लावून राह्यल्या काय?" तू म्हणालीस, "कंदिलात काटा दिसत नाई जी. पोट दुखणारी बाई थांबत नाई, मलेच पाहा लागते." ज्या घरांत तुला एरवी ओसरीच्या खाली बसवत, त्याच घरांत बाळंतपणाला तुला थेट आतल्या खोलीत ओढून नेत, आणि तिथल्या कंदिलाच्या उजेडात तो ठिपका फिरताना मी दारातून पाहिलेला आहे. एकदा त्याच्या फिरण्याच्या ठेक्यावर मी शाळेतली कविता म्हणायला लागलो. तुझी मोजणी चुकली. तू मान न वळवता म्हणालीस, "बाहीर जाय. माणूस मोजून राह्यली मी." मी अंगणात जाऊन बसलो, गायीला कविता ऐकवली.

असो. घड्याळाचं सांगत होतो.

दोष शेवटी पोरीनेच काढला. जायला तीन-चार दिवस राहिले होते, तिच्या बापाने नवं घड्याळ जवळजवळ मागवलंच होतं. तिने तुझं घड्याळ खिडकीत आडवं धरलं, मोबाईलचा कॅमेरा मोठा केला आणि बराच वेळ बाजूने पाहत राहिली. मग म्हणाली, "आबा, काचेले आतून लाल रेघ पडली."

मोतीबिंदूच्या डोळ्याला मला काय दिसणार? तिने पडद्यावर दाखवलं. काचेच्या आत, कडेकडेने, अर्धवर्तुळासारखी बारीक लालसर रेघ. जुनी काच फुगीर होती, घुमटासारखी. नवी चपटी. तुझा ठिपका वाळून कडक झालेला, चांगला जाड. तो काचेला घासत होता. चावी ताजी असली की काटा जोर लावून निघून जायचा, जोर ओसरला की अडकायचा. दुकानात काच काढून ठेवलेली, म्हणून तिथं बिनघोर चालायचं. म्हणजे तेल नाही, स्प्रिंग नाही. मी हौसेने घातलेली काच आणि तू गरजेने लावलेली टिकली, एवढंच भांडण.

मी धावत कारंजाला. जुनी काच? ती केव्हाच घंटागाडीत गेली. तशी उंच काच दुसरी? "आता येत नाई, काका. अकोल्याले पाहा." अकोल्याला लेकाच्या मित्राला दोन दुकानं हिंडायला लावली, मापाची मिळाली नाही. घड्याळवाला म्हणाला, "कायले एवढी दगदग? ठिपका खरवडून टाकतो, एका मिनिटाचं काम." मी म्हटलं, "हात लावशील तर याद राख." घड्याळ उचललं आणि घरी आलो. जेवलो नाही. ज्या काट्याला तू श्वास रोखून हात लावलास, त्याला तो च्युइंगम चघळत पातं लावणार!

पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, पणजीनं ठिपका कायले लावला होता?"

"कंदिलाच्या उजेडात काटा दिसावा म्हणून."

"वार्डात ट्यूबलाईट असते. मले दिसते बिनाठिपक्याचा."

मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, बाई, काही गोष्टी नुसत्या उपयोगाच्या नसतात. एखाद्या कवितेतला एक शब्द काढला तर अर्थ तोच राहतो, पण कविता जाते. बरंच बोललो मी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, मले नाडी मोजाची हाय. तुमाले ठिपका पाह्यजे असंल त ठेवा घड्याळ, मी खरंच रागावणार नाई. पप्पा नवं आणतात. पण दोन्ही नाई होत."

राग आला. तिचा, काचेचा, तुझाही. तुझा अशासाठी की तू असतीस तर एका क्षणात ठरवलं असतंस, आणि काय ठरवलं असतंस ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. घड्याळवाल्याने काच काढली, डोळ्याला भिंग लावलं, पात्याचं टोक काट्याच्या शेंड्याला दोनदा लावलं आणि फुंकर मारली. झालं. मला "थांब" म्हणायचं होतं की काय कोण जाणे, तोंड उघडलं तेव्हा तो काच बसवत होता. काटा उघडा, करडा, कोणाच्याही घड्याळात असतो तसा. पोरीने तिथंच ते हातावर बांधलं, तबकडी वरच्या बाजूला ठेवून.  तिने माझं मनगट धरलं आणि मोजायला लागली, ओठ हलवत. घड्याळवाला म्हणाला, "काय निघाले?" ती म्हणाली, "थांबा ना काका, चुकलं. पुन्हा मोजतो."

आता ती वाशिमला आहे. मी रोज संध्याकाळी फोन करतो. जेवलीस का, मैत्रिणी झाल्या का, हे सगळं विचारून झालं की घड्याळाचं विचारतो. ती हसते. "चालू हाय, आबा. एक डाव बी बंद नाई पडलं. मॅडमनं बी पाह्यलं, म्हणे भारी हाय."

हे सगळं तुला सांगावं असं वाटलं म्हणून लिहायला बसलो. पत्त्याच्या जागी काय लिहू, ते मात्र सुचलं नाही. एक गोष्ट पोरीला सांगता येत नाही, तुला सांगतो. ती "चालू हाय" म्हणते तेव्हा मी तोंडाने "वा वा" म्हणतो, आणि तुझ्या टिकलीवाचून त्याचं काहीच अडलं नाही म्हणून दरवेळी थोडा खट्टू होऊन फोन ठेवतो.