खालच्या टाकीवरचा हात

उस्ताद,

तब्येत कशी आहे तुमची? उजव्या हाताची आग थांबली का? काकूंचा दमा कसा आहे? तिकडे तरी त्यांना धुराची चूल नसेल अशी आशा धरतो. आपल्या शेजारचा वेल्डिंगवाला मागच्या उन्हाळ्यात तिकडे आला. त्याला आता नीट दिसतं का, की अजून नाकासमोर उभ्या माणसालाच "कोण हाय रे?" विचारतो? आणि आमची ही कशी आहे? हिवाळ्यात गेली ती. गुडघ्यांना लावायचं तेल इथंच राहिलं तिचं, निळ्या बाटलीत, तसंच्या तसं. एव्हाना भेटली असेलच तुम्हाला. काय काय बोलली ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगतो, त्याच धास्तीनं हे पत्र लिहायला बसलो. तुमचा हात भाजला त्या दिवसाची एक गोष्ट चाळीसपेक्षा जास्त वर्षं माझ्या पोटात आहे. माझ्याशिवाय ती फक्त तिलाच माहीत होती. तुम्ही ती तिच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावी, एवढंच.

इकडचं म्हणाल तर चाललंय. दुकान अजून रोज उघडतो. आता रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या येतात, फुटला की फेकायचा आणि नवा बसवायचा. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर घेऊन कोणी आलं की मला पाहुणा आल्यासारखं वाटतं. तुमचा खल माझ्याकडेच आहे, काकूंनी उकिरड्यावर टाकला होता तो. या मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना एक मुलगी दुकानाच्या सावलीत येऊन उभी राहिली. समोर एक जीप उभी होती, नुकतीच बंद केलेली. माझ्याशी बोलायच्या आधी तिनं वाकून रेडिएटरच्या खालच्या टाकीवर उजवा तळवा ठेवला आणि डोळे मिटले. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी, थेट तुमची. उस्ताद, माझ्या हातातला पाना खाली पडला.

"आबाजी, माह्या आईच्या बाबांचे चेले तुमीच का?"

"चेला कायचा, हमाल होतो. तू कोण, बाई?"

"मी त्यायची नात."

तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मायची होती. मी विचारलं, हात ठेवायला कोणी शिकवलं? तर म्हणाली, "कोणी नाही. काहून? असाच तं पाह्यतात ना गरम हाय का थंड?" अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. शेवटच्या वर्षाचं काम आहे, त्यासाठी तिला एक जुना तांब्याचा रेडिएटर हवा होता. विषय काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाणी आळशी असते, आबाजी. त्याले उष्णता उचलाचा कंटाळा. म्हणून पाण्यात भुकटी टाकाची, उष्णता पटकन उचलणारी. पण अशी बारीक, की केसाच्या जाडीत हजार कण मावले पाह्यजेत. मंग ती बुडत नाही, पाण्यासंगं फिरते, अन् इंजिनाची गरमी जास्त उचलून आणते." वर हेही म्हणाली की फार टाकली तर पाणी जाड होतं, पंपाला ओझं होतं, आणि फायदा लोक सांगतात तेवढा दर वेळी मिळतही नाही. मोजून मापून बोलणारी पोरगी आहे. पण मला काही ऐकू येत नव्हतं. मला तुम्ही दिसत होता, मांडी घालून बसलेले, वैद्याकडून आणलेल्या खलात तांब्याचा कीस आठ-आठ दिवस घोटणारे.

मटक्यात कालवून तुम्ही ते पाणी ठेवून द्यायचे. चार दिवसांनी वरचं लालसर पाणी तेवढं काढून घ्यायचे आणि खालचा गाळ फेकून द्यायचे. "बुडलं ते आपलं नाही. उभं राह्यलं ते आपलं." आणि एक नियम: पाणी गोडंच पाहिजे. आपला हा सगळा पूर्णेकाठचा खारपाण पट्टा, हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी तुम्ही रांजणात साठवायचे आणि उन्हाळ्यात ते जपून वापरायचे. मी एकदा विचारलं होतं, काहून उस्ताद, खाऱ्यानं काय होते? तुम्ही म्हणालात, "ते मले नाही माहीत. पण खाऱ्याचा थेंब लागला की हे कण एकमेकाले धरतेत अन् बुडतेत. भ्यालेल्या माणसायवानी." तुमची भुकटी काही हिच्याइतकी बारीक नसणार, हे मलाही कळतं. पण वाट तीच होती. तुम्ही चपला घालून निघालात, ही मोटारीनं आली.

तिच्या घरी मात्र दुसरीच गोष्ट सांगतात. आजोबांना भुकटीचा नाद होता, त्या नादानं एका जीपचा रेडिएटर तुंबला आणि स्वतःचाच हात भाजून घेतला. ती हसत हसत सांगत होती, मायेनंच. कॉलेजात द्यायच्या त्या कामाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय लिहिणार तेही तिनं मला वाचून दाखवलं: ज्यांच्या चुकीनं मला हा विषय दिला, त्या माझ्या आजोबांना. मी म्हटलं, चांगलं आहे. दुसरं काय म्हणणार होतो?

रेडिएटर बसवून द्यायला मी अमरावतीला गेलो. तिथं एक यंत्र आहे, भुकटी पाण्यात नीट मिसळावी म्हणून ते आवाज करतं, पण माणसाला ऐकू न येणारा. यंत्र सुरू झालं की खोली आणखी गप्प होते. खिडकीबाहेर एक कुत्रं झोपलं होतं, ते उठलं, आमच्याकडे बघत बघत मागे सरकत गेलं. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीतलं पाणी पंधरा दिवसांनंतरही दुधासारखं पांढरं. दुसरीतली भुकटी एका रात्रीत तळाला बसलेली, वर नितळ पाणी. भुकटी तीच, माप तेच. तिला कारण सापडत नव्हतं आणि तारीख जवळ आली होती. मी दुसरी बाटली उचलली, झाकण काढलं, बोट बुडवून जिभेला लावलं. ती ओरडली, "आबाजी, काय करून राहिले!" पण मला चव कळली होती. विचारलं तर निघालं, कॉलेजातलं शुद्ध पाणी संपलं म्हणून तिनं मैत्रिणीनं गावाहून आणलेल्या डब्यातलं पाणी घातलं होतं. खारपाणातलं. मी म्हटलं, चांगल्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकून पाह्य. रात्री मी तिथंच मुक्काम केला; दुसऱ्या दिवशी दुधासारख्या बाटलीतली भुकटीही तळाला बसलेली. तिनं मग मला समजावलं: प्रत्येक कणावर विजेचा अगदी हलका अंश असतो, त्यानं ते एकमेकांना लांब ठेवतात. मीठ ते बळ मारून टाकतं. मग ते एकमेकांना धरतात. पुढचं मला सांगायची गरज नव्हती.

"पण तुमाले कसं समजलं, आबाजी?"

"उस्ताद सांगत होते."

तिनं बाटलीकडे पाहिलं. तुमच्यासारखीच खालचा ओठ चावते. मग म्हणाली, "म्हणजे आजोबाले माहीत होतं? मंग त्या दिवशी जीपमंदी पाणी कोणतं होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही, बाप्पा. लय वर्षं झाले."

आठवत नाही? उस्ताद, मला त्या जीपचा रंग आठवतो. अकोल्याच्या जठारपेठेतल्या वकीलसाहेबांची ती, बायका-पोरं घेऊन चिखलदऱ्याला निघाली होती. घाटात भुकटीचं पाणी कसं वागतं ते बघायला तुम्ही सोबत निघालात आणि मलाही मागे बसवलंत. आदल्या दुपारी तुम्ही जेवायला गेला होता, तेव्हा जीपमध्ये पाणी मी भरलं. गोड्या पाण्याचा रांजण रिकामा होता. तुमच्या लाल पाण्याची बाटली ओतली आणि वरून हातपंपाच्या दोन बादल्या. वाटलं, पाणीच तर आहे. परतवाडा सोडून घाट लागला, चौथ्या की पाचव्या वळणावर गरमीचा काटा वर गेला. ड्रायव्हर घाबरला. तुम्ही हसत उतरलात. "काटा खोटं बोलते. हात नाही बोलत." खालच्या टाकीवर तुम्ही उजवा तळवा ठेवलात आणि तुमचा चेहरा मी अजून विसरलो नाही. टाकी थंड होती. थंडगार! तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत, डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. "पाह्य बे, सारी गरमी पिऊन घेतली!" आयुष्यभर घोटलेल्या भुकटीनं आज बोलून दाखवलं, असं तुम्हाला वाटलं. टाकी थंड होती, कारण नळ्या गुठळ्यांनी भरल्या होत्या आणि वरचं उकळतं पाणी खाली पोचतच नव्हतं. तुम्ही त्याच हातानं वरच्या टाकीचं झाकण फिरवलंत.

दवाखान्यात मी तुम्हाला पंख्यानं वारा घालत होतो, तेव्हा तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "भुकटी जाड राह्यली असन. माहीच चूक." मी वारा घालत राहिलो. त्यानंतर तुम्ही खलाला शिवला नाहीत. गावात भुकटीवाला म्हणून टोमणे पडले, वकीलसाहेबांनी दुसरं दुकान धरलं. हात बरा झाला पण बहिरा झाला. तुम्ही तो सवयीनं टाकीवर ठेवायचे, मग मला म्हणायचे, "तू पाह्य. मले काही सांगत नाही हा."

आता जे लिहितो ते म्हातारचळ समजा हवं तर. "आठवत नाही" म्हटलं त्यानंतर तासाभराची गोष्ट. त्यांच्याकडे उष्णता दिसणारा कॅमेरा आहे, पडद्यावर गरम ते पिवळं-लाल, थंड ते काळं-निळं. तिनं मला खेळ दाखवला: गरम टाकीवर क्षणभर हात टेकवून काढला, पडद्यावर काळा पंजा उमटला आणि बघता बघता विरून गेला. मग ती कसलेसे कागद आणायला खाली गेली. खोलीत मी एकटा. पाणी रेडिएटरमधून फिरत होतं. माझे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, मास्तरसमोर उभं राहावं तसे. आणि खालच्या टाकीवर पडद्यात काळा ठसा उमटायला लागला. आधी तळवा, मग एकेक बोट. करंगळी बाहेर वाकलेली. उजवा हात. तो विरला नाही. तो तिथंच राहिला, कोणी टाकी चाचपून बघत असावं तसा, आणि मधूनमधून जरा दाबला गेल्यासारखा गडद व्हायचा. जिन्यावर तिची पावलं वाजली, तेव्हा गेला. मी विचारलं, तू परत हात ठेवला होता काय? "मंघाशी ठेवला होता ना तुमच्यासमोर," ती म्हणाली. मी त्या टाकीला हात लावून पाहिला नाही. तुमचाच हात होता तर भ्यायचं काय कारण, असं स्वतःला समजावत बसनं अकोल्याला आलो.

आज सकाळी तिला फोन केला. म्हटलं, पहिलं पान छापू नको. "काहून, आबाजी?" म्हटलं, चूक कोणाची हे तुले कोणी नीट सांगतलं नाही, उद्या ये, मी सांगतो. ती येणार आहे, दुपारच्या गाडीनं. ती आली की काय बोलायचं त्याची तालीम म्हणून हे लिहिलं. तालमीतसुद्धा मी एका जागी लबाडी केली, ती आता काढतो.

रांजण रिकामा नव्हता, उस्ताद. मी वर तसं लिहिलं, कारण इतकी वर्षं स्वतःलाही तसंच सांगत आलो. अर्धा भरलेला होता. आमच्या हिला तेव्हा सातवा महिना होता. ती डोंगराच्या पायथ्याची, गोड्या पाण्यावर वाढलेली, आमच्या गावचं खारं पाणी तिच्या पोटात ठरत नव्हतं. चहा केला तर दूध फाटायचं. त्या दुपारी मी रांजणातलं पाणी डब्यात भरून सायकलला बांधलं आणि घरी नेलं. तिनं ओंजळीनं प्यायलं आणि हसली. तुमचा हात भाजला, तेव्हा मी तिला सांगितलं ते पाणी कुठलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत तिनं दुकानातलं पाणी तोंडाला लावलं नाही. मी मागितलं असतं तर तुम्ही ते दिलं असतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी मागितलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, खलाखाली ठेवून देतो. उत्तर मात्र लवकर लिहा. डाव्या हातानं लिहिलंत तरी मला वाचता येईल, हात भाजल्यानंतरचं तुमचं ते वळण मला पाठ आहे. पण उजव्या हातानं लिहिलंत, तर आग थांबली असं मी समजेन.