तिन्ही चिठ्ठ्यांना एकेक

निंबोला,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

मालू, तुला मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस का तशीच बसतेस?

काल सगळ्यात आधी कोण आलं सांगू? चारुलता! सासरहून सुटका नाही म्हणणारी माझी लेक साडेआठलाच दारात, हातात मावा जिलेबीचा पुडा. मग इंदूरहून मनोज आणि त्याची पोरगी वैजयंती. शेवटी भूपेंद्र, नेहमीसारखा उपाशी. तिन्ही लेकरं एका खोलीत, त्यांच्या बापाच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा! मी वरण-बट्टी केली, भरीत केलं. भूपेंद्रने सात बट्ट्या खाल्ल्या. मनोज म्हणे, "अरे, आईला एखादी ठेव." केवढे हसले गं सगळे.

जेवणं झाल्यावर वैजयंतीने भिंतीला मोठा कागद लावला, वर लिहिलं, "आजीचं पुढे काय?" मी मोरीत पडले तेव्हापासून या तिघांची फोनवर भांडणं चालू आहेत, तुला माहीतच आहे. तिच्या कंपनीत म्हणे असंच ठरवतात. दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. मनात असेल ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. आणि कोणाच्या चिठ्ठीला नाही म्हणायचं नाही. मला मजा वाटली. शाळा माझी दुसरीपर्यंतची, पण मीही लिहिलं.

काय लिहिलं ते तुला सांगायला नको. "मालूला इथे आणा. दोघी राहू."

लेकरांच्या तीन चिठ्ठ्या. एकीत, आईने इंदूरला मनोजकडे राहावं. दुसरीत, चार-चार महिने तिघांकडे फिरावं. तिसरी वैजयंतीने जरा हळू वाचली. चांगला वृद्धाश्रम बघावा. अक्षर कोणाचं ते मी पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं.

मग तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. आम्हा चौघांना तीन-तीन टिकल्या दिल्या. "आजी, पटेल त्या चिठ्ठीवर लाव. तिन्ही एकीवर लावल्या तरी चालतील. जिच्यावर जास्त, ते ठरलं."

ऐकलं मी, मालू. ऐकू आलं नाही असं खोटं नाही लिहिणार. पण तीन लेकरं, तीन चिठ्ठ्या आणि हातात टिकल्याही तीनच. पंगतीत कोणाचं पान कोरं ठेवलंय का मी कधी? आपलं पान आपण शेवटी घेतो, तसाच हात चालला. तिन्ही चिठ्ठ्यांना एकेक वाढली आणि हात रिकामा झाला. त्या आश्रमाच्या चिठ्ठीला तर मुद्दाम लावली. ज्याने लिहिलं असेल त्याला एकटं वाटू नये म्हणून.

मोजल्या. त्या चिठ्ठीवर चार. आपल्या चिठ्ठीवर तीन. बाकी दोघींवर त्याहून जास्त नाहीत.

मी म्हटलं, "माझी काढून इकडे लावू का?" वैजयंती म्हणाली, "आजी, लावल्यावर बदलत नाहीत गं." मनोज म्हणाला, "आई, तूच तर लावलीस. आम्ही जबरदस्ती केली का?" चारू भांडी घासायला उठून गेली. आपल्या चिठ्ठीवरच्या दोन टिकल्या तिच्या, एवढं मी पाहिलं. भूपेंद्र म्हणे, "बघा, एकदम शांतीत झालं काम!"

झालं खरं. एवढ्या शांतीत तर त्यांच्या बापाचे दिवसही झाले नव्हते. उरलेली जिलेबी त्यांनी हसत खाल्ली. मीच वाढली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. माघ संपला की ये, असं मीच तुला सांगितलं होतं. तू लोटूला आणि त्याच्या बायकोला सांगून मोकळी झाली असशील की मी बहिणीकडे चालले, सांभाळा आपलं घर. कपडे बांधले असतील तर सोड. सून ऐकवेल, "काय सासूबाई, नाही ना नेलं बहिणीने?" तेव्हा माझं नाव सांग. लेकरांचं नको. फोनवर तुझा आवाज ऐकून मला हे बोलता आलं नसतं, म्हणून शेजारच्या भाईदासच्या हाती कागद देते. तो उद्या तुमच्या तुकईथडला येतोय.

जाताना तिघंही पाया पडले. कधी नव्हे तो एकच दिवस तिघांनी सांगितला, मला न्यायला गाडी घेऊन येऊ म्हणाले. येत्या शुक्रवारी सकाळी.

तुला बोलावून दार लावणारी,
रुख्मिणी