बोहारणीला दिलेलं जाकीट

आई,

ओवीला समोरच्या शेफालीताईंकडे ठेवलंय. तिचं खिमट कुकरमध्ये आहे, कोमट करून भरवा. तुम्ही फोन घरीच ठेवून देवळात गेलात, म्हणून लिहितेय.

ओवी दिसेल ते तोंडात घालायला लागल्यापासून तुमच्या शुगरच्या गोळ्यांची जास्तीची डबी मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सूरजच्या जुन्या जाकिटाच्या खिशात लपवली होती. आज कपाट आवरलं आणि तेच जाकीट बोहारणीला देऊन पातेलं घेतलं. डबी आठवली ती गेल्यावर. "हिला आवरायला बसवलं तर घरसुद्धा देऊन टाकेल," असं तुम्ही म्हणता, ते खुशाल म्हणा, पण मी परत आल्यावर.

बोहारणीच्या कडेवरची पोर आपल्या ओवीएवढीच आहे. वॉचमनकाकांनी त्यांना मांजरी गावाच्या रस्त्याला वळताना पाहिलं. मी स्कूटरवरून शोधायला निघालेय. त्या इकडे परत आल्या, तर पोरीनं गोळी खाल्लीय का ते विचारा आणि खाल्ली असेल तर तडक डॉक्टरांकडे न्या. माझ्यासाठी थांबू नका.

पोर थंडीनं कुडकुडत होती हो, आई. जाकीट मीच घातलं तिला, बाह्या दुमडून.

गौतमी