होऊ घातलेल्या व्याह्यांचे पंपशू

धंतोली, नागपूर
सोमवार, मार्च १९७४

तीर्थरूप कुसुमताईच्या पायाशी धाकट्या मनोहरचा वाकून नमस्कार.

तुझ्या गुडघ्याला आता उतार पडला असेल, आणि गणपतराव भाऊजींचा खोकला (व त्याला पोसणारी विडी) दोन्ही आपापल्या जागी असतील. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझे पाय सोडून. आज शाळेत रजा टाकली आहे आणि दोन्ही पाय मिठाच्या गरम पाण्यात बुडवून हे पत्र लिहितो आहे, तेव्हा अक्षर हललं असेल तर बोल घमेल्याला लाव.

काल वरूडचे चंपतराव, म्हणजे तू सुचवलेल्या रवींद्रचे वडील, ठरल्याप्रमाणे गोपिकेला पाहायला आले. मुलाने तिला दिवाळीत तुझ्याकडे अमरावतीला पाहिलंच आहे, आता वडिलांची पसंती तेवढी उरली, असं तू कळवलं होतंस. 'मी त्यांना सगळं सांगितलं आहे' असंही लिहिलं होतंस. ताई, त्या 'सगळं' शब्दाने माझी आठवडाभर झोप उडवली. त्यात पोरीचा पाय आला की नाही? पत्राने विचारावं तर उत्तर यायच्या आत पाहुणे यायचे. आधीच्या दोन्ही ठिकाणच्या मंडळींनी काय केलं ते तू जाणतेसच. पोहे खाल्ले, हात धुतले आणि मग 'जरा चालून दाखव, बाई' म्हणाले. दुसऱ्यांनी तर तुळशीपर्यंत पाठवून परत बोलावली. लहानपणच्या तापाने आखडलेला तो डावा पाय, त्याच पायाने ती रोज शाळेत शिकवायला जाते, घरी आल्यावर आईच्या हाताखाली राबते, आम्हाला तो दिसतही नाही. पण त्या दिवशी ती आतल्या खोलीत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. मला ते पुन्हा बघवणार नव्हतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, की या खेपेला कोणाला चालायचंच असेल तर ते पाहुण्याने चालावं.

गोपिकेला आधीच खुर्चीवर बसवून ठेवलं आणि पोहे तिच्या आईने, शामलाने आणले (मुलीला या घरात काही काम सांगत नाहीत, असं पाहुण्यांना वाटलं असणार, पण तेवढी बदनामी मी पत्करली). चंपतराव मोठा भारदस्त माणूस. पांढरंशुभ्र धोतर, आणि खास या प्रसंगासाठी घेतलेले नवेकोरे काळे पंपशू, ते दारात काढून ठेवलेले. पोहे संपवून त्यांनी बशी खाली ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाले, "मास्तर, मी काय म्हन्तो..." मी ओळखलं, वेळ आली. मी ताडकन उठून विचारलं, "तुम्ही आमच्या नागपूरच्या इमारती पाहिल्या का?" ते 'नाही' म्हणेपर्यंत मी त्यांचे पंपशू त्यांच्यापुढे आणून ठेवले होते. मुलीच्या बापाने पाहुण्याचे जोडे उचलल्यावर पाहुणा काय करणार, बिचारे निघाले.

आता तुला म्हणून सांगतो, इतकी वर्षं नागपुरात काढली, पण मान वर करून मी एकही इमारत पाहिलेली नाही. शाळेत भूगोल शिकवतो, तो जमिनीचा. पण काल बर्डीच्या बाजारात पहिल्यांदा वर पाहिलं आणि खरंच थांबलो. खाली साड्यांची आणि भांड्यांची दुकानं, पाट्यांवर पाट्या, आणि त्यांच्या डोक्यावर जुन्या लाकडी गॅलऱ्या, चुन्यात काढलेली फुलं, एका कमानीखाली कोणीतरी पापड वाळत घातलेले. मी सगळं हात करून करून दाखवलं. तिथून झिरो माईलला गेलो. देशाचा मध्य दाखवणाऱ्या त्या खांबापाशी मी सातवीचा अख्खा धडा म्हणून दाखवला. चंपतराव मात्र खांबाशेजारच्या दगडी घोड्यांकडेच बघत होते. "यायले कोनी बसू देत नाई काय गा?" असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, रसिक माणूस आहे.

मग रिझर्व्ह बँक, मग विधानभवन, मग सिव्हिल लाइन्सचा सगळा मोकळा रस्ता तुडवत हायकोर्ट. रविवार असल्याने फाटक बंद, तेव्हा घुमट बाहेरूनच दाखवला. घुमटाविषयी मी जे सांगितलं त्यातलं अर्धं शिकवण्याच्या सवयीने तोंडातून गेलं आणि उरलेलं देवाने ऐन वेळी सुचवलं. चंपतरावांनी फाटकाच्या खांबाला हात टेकून डोळे मिटले. मला वाटलं, दगड पारखताहेत, म्हणून दगडावर आणखी थोडं बोललो. ऊन तर असं, की पोस्टाच्या मोठ्या इमारतीसमोर मलाच इमारत दोन-दोन दिसायला लागली. पण पाहुणा उभा असताना मुलीकडच्याने बसायचं कसं, म्हणून मी बसलो नाही. आणि यजमान एवढ्या हौसेने दाखवतोय तर त्याचा मान कसा मोडायचा, म्हणून ते बसले नाहीत. अशा रीतीने दोन शहाणी माणसं एकमेकांचा मान राखत कस्तूरचंद पार्कपर्यंत पोचली.

तिथल्या छत्रीच्या पायऱ्या दिसल्या आणि चंपतराव, मी तिच्या खांबांविषयी तोंड उघडायच्या आत, धपकन बसले. पंपशू काढले. ताई, दोन्ही टाचा सोललेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, रागावू नोका, पन तुमी मले काहून इतकं फिरवून राहिले?"

मी खरं ते सांगून टाकलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाचं नव्हतं. चंपतरावांनी दोन्ही टाचा चोळल्या. मग म्हणाले, "पोरीले चालवून पाहाले मी आलोच नोतो. पायाचं कुसुमताईनं पयल्याच दिवशी सांगतलं. अन् घरी मी तं तुमाले अजून थोडे पोहे मांगून राहिलो होतो."

सायकल रिक्षा करून घरी आलो. आम्हा दोघांना लंगडत येताना पाहून दारात उभी असलेली गोपिका हसली. पाहुण्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून, पण पोट धरून हसली. मग तिनेच आतून गरम पाण्याचं घमेलं उचलून आणलं, पार स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत, तिच्या नेहमीच्या चालीने. तिचं चालणं कोणीच पाहिलं नाही, कारण आम्हा दोघांचंही लक्ष त्या वाफाळत्या पाण्याकडे होतं. चंपतरावांनी पोहे मात्र तीनदा मागून घेतले.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मनोहर

ता. क. शामला म्हणते, एवढं रामायण लिहिलंत आणि मूळ गोष्ट राहिलीच. चंपतराव 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. मुलीकडच्यांनी तोंडाने विचारायचं नसतं, आणि उन्हात एवढी पायपीट करवणाऱ्या घरात मुलगा द्यावा का, असा विचार त्यांनी केला तर त्यांचंही चुकलं नाही. पण सुजलेल्या पायांत पंपशू जाईनात, म्हणून ते बसगाडीला माझ्या चपला घालून गेले. पंपशू इथेच आहेत. तेव्हा तू त्यांना सहज एवढंच विचार, की पंपशू पार्सलने पाठवू, की चार माणसं घेऊन स्वतः न्यायला येता? दुसरं काहीएक विचारू नकोस.

ता. क. दुसरा. पार्सल म्हणाले तर लगेच कळवू नकोस, थोडे दिवस जाऊ दे. आत्ताच पाकिटासाठी डिंक आणायला उठलो तेव्हा दारात पाहिलं. गोपिकेने पंपशूंना पॉलिश करून ते आपल्या चपलांशेजारी ठेवले आहेत. तिला कोणी सांगितलं नव्हतं.