देवीचे डोळे शेवटी

आई, मधल्या खोलीतल्या तुझ्या देवीबद्दल मी इतकी वर्षं सगळ्यांना एक गोष्ट चुकीची सांगत आले, ती आधी दुरुस्त करते. चहा पिता पिता कोणी पाहुणा भिंतीकडे बघून म्हणायचा, "भरतकाम सुरेख आहे, पण डोळे राहिले वाटतं," की मी सांगायचे, काळा धागा संपला होता आणि आईच्या लग्नाच्या गडबडीत आणायचा राहून गेला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणी मीच ठरवलं आणि पुढे तेच खरं धरून चालले. धागा संपला नव्हता. तुझ्या डब्यात काळ्या रेशमाची अख्खी लडी अजून आहे, तिचा कागदी पट्टासुद्धा निघालेला नाही.

तू गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. आता माझं लग्न ठरलंय, आणि रुखवतात मांडायला नवरीच्या हातचं काहीतरी हवं म्हणून मीही देवीच भरायला घेतली. पाय रेड्याच्या मानेवर, त्या मानेतून अर्धा बाहेर आलेला राक्षस, आणि वर तो शांत चेहरा. हे चित्र मी शाळेत जायच्या आधीच तुझ्याकडून शिकले. दुपारची भांडी झालेली, तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उजेडाला बसलेली, मी तुझ्या गुडघ्याला टेकून. दारात आपली म्हैस रवंथ करतेय. मी घाबरून विचारते, "आई, देवी आपल्या म्हशीला कावून मारायलीय?" तू इतकी हसतेस की सुई बोटात जाते. "अगं येडे, म्हैस न्हाई ती. त्यानं सोंग घेतलंय. रोज दारात दिसतं त्याचंच सोंग घेतंय, म्हंजी कुणाला भ्या वाटत न्हाई." मग ओळखायचं कसं, असं मी विचारलं. बोट चोखत तू म्हणालीस, "आपली म्हैस दावणीला येती. सोंग आपल्यालाच दावं लावाया येतंय." मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी दारात जाऊन म्हशीच्या डोळ्यांत नीट बघून आले.

तुझं एकदाच रागावणं आठवतं. तू दिलेल्या तुकड्यावर चेहरा फार ओका दिसत होता, म्हणून मी आधी डोळे भरून टाकले. तू हातावर चापटी मारलीस. "आधी हत्यारं, मग डोळे. रिकाम्या हातानं बाईला कावून जागं करतीस?" मग समजावलंस की बाकीचे टाके उसवता येतात, पण डोळा म्हणजे गाठीचा टाका. तो उसवत नाही, कापायला गेलं तर खालचं कापड जातं. म्हणून डोळे शेवटी, आणि विचार करून. चेहऱ्यावर राग भरायचा नाही, हेही तेव्हाच सांगितलंस. रागावलेल्याचा हात थरथरतो म्हणालीस.

मुलाकडचे लोक चांगले आहेत, असं सगळे म्हणतात. मुलगा बीडला नोकरीला, सुपारीसुद्धा खात नाही. साखरपुड्यानंतर त्याचा रोज फोन येतो. व्हिडिओ कॉल लाव, खोली दाखव, दाराकडे फिरव, मागे कोण बोललं. मी शिकवते त्या शाळेतल्या सरांचे नंबर काढून टाक म्हणाला, मी काढले. एकदा मोबाईल दुसऱ्या खोलीत राहिला, तर त्याने अण्णांना, शेजारच्या काकूंना आणि शाळेतही फोन केला. काकू म्हणाल्या, "नशीब काढलंस पोरी, किती काळजी करतोय!" अण्णाही तेच म्हणतात. आपल्या घरात कोणी इतके फोन केले नव्हते म्हणून मलाच कळत नसेल, असं मी मनाला सांगते. मग फोन वाजतो आणि माझे तळहात ओले होतात. सुई सटकते.

परवा त्याच्या आई येऊन गेल्या. कापड हातात घेऊन बघितलं. "लई सुंदर हाय गं. पर हत्यारं भरू नको, नव्या घरात भांडणं लागत्यात. सगळ्या हातांत कमळं भर. आन ते मुंडकं झाकून टाक, जेवाया बसलं की समोर दिसंल." सगळे हसले, मीही हसले. त्या गेल्यावर गुलाबी लडी काढून कमळ भरायला बसले.

रुखवताच्या मदतीला युसूफ वडगावहून मावशी आलीय. तिने माझ्या हातातलं कमळ बघितलं, भिंतीवरची तुझी देवी बघितली, आणि खालीच बसली. "तुज्या मायनंबी असंच केलतं. तुज्या आजीनं, म्हंजी तिच्या सासूनं, सांगावा धाडलता, हत्यारं नगं म्हणून. तिनं भरलेला त्रिशूळ उसवला आन कमळं भरली. मी इचारलं, आक्का, डोळे कावून न्हाई? तर म्हणली, डोळे भरले तर हातात काय दिलंय ते देवीला दिसंल."

आई, मी त्या भिंतीखाली लहानाची मोठी झाले आणि देवीच्या हातांत कमळं का, हे कधी विचारलं नाही. अण्णा वाईट नव्हते. कपिलधारचा धबधबा दाखवा म्हणायचीस, ते पुढच्या वर्षी म्हणायचे. इथून कितीसा लांब आहे तो! तू एकदाही पाहिला नाहीस.

पत्रिका छापून आल्यात. अण्णांनी पहिली देवापुढे ठेवली आणि तुझ्या फोटोकडे बघत उभे राहिले. त्यांना काय सांगू? त्याने मारलं नाही, मागितलं काही नाही, शिवी दिली नाही. "मला भीती वाटते" एवढंच माझ्याकडे आहे, आणि ते बैठकीत बसलेल्या भावकीसमोर किती टिकेल, कोण जाणे. मावशीला विचारलं, माझंच चुकत असेल का? ती म्हणाली, "चुकत आसंल तर एका पोराचं लगीन लांबंल. बरुबर आसंल तर?"

हे पत्र तुझ्या डब्यात काळ्या लडीखाली ठेवणार आहे, ते जाणार कुठे? एक सांगायचं राहिलं. ते कमळ मी पूर्ण भरलं होतं. आज उसवलं, पण कापडाला भोकं राहिलीत. त्यांच्यावरूनच त्रिशूळ भरतेय, जवळून बघितलं तर कळेल. बस्ता मंगळवारी आहे. लग्नाची कापडं घ्यायला दोन्हीकडची माणसं मिळून बीडला जाणार, मुलाकडची गाडी सकाळी आधी आपल्या दारात येईल. एकदा कापड फाडलं की मला कोणी बोलू देणार नाही. म्हणून त्याच सकाळी, गाडी यायच्या आधी, अण्णा अंघोळ करून देवापुढे बसले की, मी त्यांच्याजवळ जाऊन बसणार आहे आणि मला भीती वाटते, एवढं सांगणार आहे. डोळ्यांच्या गाठी त्याआधी मारून ठेवीन.